वाचकांचे प्रश्न: कॅन्सरनंतर कामावर रुजू होताना

प्रश्न: स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन होऊन दोन महिने झाले. मी हिशेब विभागात आहे. डॉक्टरांनी ‘कामासाठी फिट’ असं लिहून दिलंय आणि ऑफिसला मी एक तारखेपासून पूर्णवेळ हवी आहे. पण दुपारी बारालाच गळून जाते. काय करू?

उत्तर: नुसतं ‘फिट’ लिहिलेला कागद ऑफिसात देऊ नका. तो वाचून कोणीही पहिल्याच दिवशी पूर्ण काम टेबलावर ठेवेल. तुमच्या कामाचा दिवस अर्ध्या पानावर लिहून डॉक्टरांना दाखवा: किती तास बसणं, किती वजन उचलणं, प्रवास किती. हे त्यांना माहीत नसतं, म्हणूनच एका शब्दाचा दाखला मिळतो. नव्या चिठ्ठीत आजाराचा तपशील नको, मर्यादा हव्यात. उदाहरणार्थ: ‘पहिले दोन आठवडे बुधवार सोडून रोज चार तास. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूने जड फाइली उचलू नयेत. सहा आठवड्यांनी फेरविचार.’

त्यानंतर एका आठवड्यात एक तर दिवस वाढवा, नाही तर तास. दोन्ही एकदम नकोत. कामाचा शीण रात्रभर झोपूनही सकाळी उतरला नसेल, तर पुढच्या आठवड्यात आहे तिथेच थांबा. घडी बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विस्कटते. जरा बरं वाटतं, त्यात महिनाअखेर येते, माणूस आठ तास बसतो आणि मग दोन दिवस अंथरुणावर. म्हणून महिन्याच्या एक तारखेला रुजू होऊ नका. तारीख अशी निवडा की हिशेब बंद करण्याची घाई सुरुवातीच्या आठवड्यांत येणार नाही.

दुसरी नेहमीची अडचण अशी की तास निम्मे होतात, काम तेवढंच राहतं. उरलेलं काम कोण करणार, कमी तासांचा पगार कसा धरणार, तपासणीच्या दिवसांची रजा कोणती, हे सगळं ईमेलवर लेखी घ्या. तोंडी कबुली साहेब बदलले की संपते.

हा थकवा नुसत्या विश्रांतीने जात नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. झोप, वेदना, मनाची उदासी याबद्दलही डॉक्टरांशी बोला, कारण यांवर उपचार आहेत. रोज दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. दिवसभर पडून राहिल्याने अंगातलं बळ आणखी कमी होतं.

प्रश्न: केमोनंतर बोटं आणि तळपाय बधिर आहेत. मी कारखान्यात यंत्रावर काम करतो.

उत्तर: पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन यांसारख्या औषधांनी नसांना इजा होते. ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतो, मग सावकाश कमी होतो. काहींना थोडा राहतोही. तेव्हा आजच्या हातांवरून नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नका. तोवर तपासणी, मोजणी, नोंदी असं काम लेखी मागा. शिडी, गरम भाग आणि धारदार कडा टाळा, कारण चटका किंवा काप कळणारच नाही. सुरक्षेसाठी म्हणून फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका, ते आत ओढले जातात. कामाची पाळी संपली की हात-पाय उजेडात नीट पाहा. जळजळ किंवा वेदना असेल तर ड्युलॉक्सेटीन हे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. मधल्या दिवसांत कामावर जाऊ का?

उत्तर: डॉक्टरांची हरकत नसेल तर जा. बऱ्याच औषधांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सर्वांत कमी असतात. त्या काळात घरून काम करा किंवा रजा घ्या. तिसरा आठवडा सहसा बरा जातो, महत्त्वाच्या बैठका तेव्हा ठेवा. थर्मामीटर बॅगेत असू द्या. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, तर पॅरासिटामॉल घेऊन संध्याकाळची वाट पाहू नका. कामावरूनच थेट रुग्णालयात जा आणि केमो चालू असल्याचं दारातच सांगा.