बाबांचा फायब्रोस्कॅन 11.2 किलोपास्कल आलाय, सिरॉसिस समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की सोनोग्राफीत नुसतं फॅटी लिव्हर होतं, एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की रक्तात वाढतो तो आकडा) 240 आहे आणि स्कॅनला बाबा पोहे-चहा घेऊनच गेले होते. मी लिव्हरच्या ओपीडीत हाच स्कॅन करते, म्हणून सरळच सांगते, एवढ्यावरून सिरॉसिस, म्हणजे डाग पडून लिव्हर पार कडक झालंय, असं धरून बसू नका प्लीज. आकडा खोटा आहे असं नाही, पण तो कशामुळे वाढलाय हे अजून कुणालाच कळलेलं नाही.

मशीन फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरवर पडलेले डाग, मोजत नाही, कडकपणा मोजतं, किलोपास्कलमधे. बाबांना उजवा हात डोक्यामागे घेऊन झोपवलं असेल, मग बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून टक टक असे हलके ठोके दिले असतील. त्या ठोक्याने लिव्हरमधे एक मंद लाट जाते, आणि त्याच प्रोबमधला अल्ट्रासाउंड त्या लाटेचा पाठलाग करतो. अल्ट्रासाउंड शरीरात सेकंदाला साधारण 1540 मीटर जातो आणि ही लाट एक-दोन मीटर, म्हणून तर ती पकडता येते. सैल दोरी हलवली की लाट रमतगमत जाते, ताणलेली असली की झटकन जाते, तसंच इथे. लाट सेकंदाला 1.3 मीटरने गेली तर 5 किलोपास्कल येतात, म्हणजे नॉर्मल, आणि बाबांच्या 11.2 ला ती 1.9 च्या आसपास गेलीय. स्क्रीनवर एक तिरकी रेघ दिसते, ती जितकी उभी तितकं लिव्हर कडक.

आता कडक व्हायला डाग पडलेलेच असायला हवेत असं नाही ना. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त येतं, तेवढ्यानेही आकडा वर जातो, म्हणून किमान तीन तास उपाशी या असं आम्ही सांगतो. हार्ट नीट पंप करत नसेल आणि रक्त मागे तुंबत असेल तरी वाढतो, पित्तनलिका अडली असेल तरी वाढतो. आणि सूज! एसजीपीटी नॉर्मलच्या पाचपट-सहापट असताना केलेल्या नुसत्या स्कॅनवरून मी कधीच काही ठरवणार नाही.

खरं सांगू का, मला 11.2 पेक्षा त्या 240 ची जास्त काळजी वाटते. नुसत्या फॅटी लिव्हरने एसजीपीटी सहसा इतका चढत नाही, त्यामुळे हिपॅटायटिस बी आणि सी च्या टेस्ट झाल्यात का बघा, दारू, टीबीची औषधं, आणि घरचे काढे सुद्धा डॉक्टरांना सांगा. 'नैसर्गिक आहे' म्हणून काढा कुणी सांगतच नाही. 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या पेशंट्सच्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या.

रिपोर्टवर अजून एक ओळ शोधा, आयक्यूआर/मेडियन, म्हणजे ठोक्याठोक्यात किती फरक पडला त्याचं माप. निदान दहा ठोके नीट मिळाले पाहिजेत आणि हा आकडा 30 टक्क्यांच्या आत पाहिजे, जास्त असेल तर ठोक्याठोक्यात फार फरक पडलाय म्हणजे 11.2 वर भरवसाच नाही. शेजारी कॅप लिहिलेलं असेल ते चरबीचं माप, कडकपणाशी त्याची गल्लत करू नका. बाबा जाड असतील तर एक्सएल प्रोब वापरला का तेही विचारा.

सगळं नीट करूनही 10 ते 15 च्या मधे आलं तर शंका घ्यायची, पक्कं म्हणायचं नाही, 15 च्या वर मात्र आजार पुढे गेल्याची शक्यता खूपच. 10 च्या खाली आणि बाकी काही खूण नसेल तर बहुतेक निश्चिंत. तुम्ही नेटवर वाचलेला 12.5 चा कटऑफ मुख्यतः हिपॅटायटिस सी च्या पेशंट्सवरून आलाय, तो सगळ्यांना सरसकट लावत नाहीत.

तर आधी सुजेचं कारण शोधू द्या, एसजीपीटी खाली आला की उपाशीपोटी परत स्कॅन करा, शक्यतो त्याच मशीनवर. प्लेटलेट्स कमी असतील, पोट किंवा पाय सुजले असतील तर मात्र रिपीट स्कॅनची वाट न बघता याच आठवड्यात गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा, आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.