मेनूतलं ‘सेव्ह’ आणि प्रॉम्प्टवरचं ‘सेव्ह’

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षात एचपी २५३० जातीचा चोवीस पोर्टांचा स्विच (संगणकांच्या नेटवर्क वायरी एकत्र जोडणारी पेटी) आहे. कन्सोल केबल (स्विच थेट संगणकाला जोडणारी) लावून पटी (PuTTY, स्विचशी बोलायचा प्रोग्रॅम) उघडलं, तर पडदा नुसता काळा. स्विच गेला असेल का? (सातारा)

बहुतेक वेळा स्विच ठणठणीत असतो. आधी एंटर दोनदा दाबा. या जातीचा स्विच तुमच्या एंटरवरूनच वेग ओळखतो आणि तोवर गप्प बसतो. पटीत वेग ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं ठेवा. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं आली तर वेग जुळलेला नाही. काहीच आलं नाही तर केबल किंवा कॉम पोर्टचा क्रमांक चुकलाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी अडॅप्टरवर पिवळा त्रिकोण दिसतोय का पाहा. स्वस्त अडॅप्टरांत प्रोलिफिकची नकली चिप असते आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला चालवतच नाही. एफटीडीआय चिपचा अडॅप्टर घेतलात की ही कटकट सहसा संपते.

प्रश्न : ऑफिसात सोळा संगणक, सहा कॅमेरे आणि एक रेकॉर्डर याच जातीच्या एका स्विचवर आहेत. कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) काढायचे आहेत. आज्ञा पाठ नाहीत. ‘मेनू’ टाइप केल्यावर येणाऱ्या पडद्यांवरून जमेल का? (डोंबिवली)

जमेल, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तेच बरं. सगळे पोर्ट एका तक्त्यात समोर दिसतात.

संगणक १ ते १६, कॅमेरे आणि रेकॉर्डर १७ ते २३, राउटरकडे जाणारी वायर २४ वर, असं धरू. मॅनेजर म्हणून लॉगिन करून ‘मेनू’ टाइप करा. ‘स्विच कॉन्फिगरेशन’मधून ‘व्हीलॅन मेनू’त जा. ‘व्हीलॅन नेम्स’मध्ये ‘अ‍ॅड’ घेऊन क्रमांक २० आणि नाव द्या, सेव्ह करा. मग ‘व्हीलॅन पोर्ट असाइनमेंट’ उघडा. डावीकडे पोर्ट, पुढे प्रत्येक व्हीलॅनचा एक रकाना. ‘एडिट’ घ्या, बाणांनी चौकटीवर जा आणि स्पेसबार दाबत राहा. ‘नो’, ‘टॅग्ड’, ‘अनटॅग्ड’, ‘फॉरबिड’ हे पर्याय एकामागून एक फिरतात. ‘टॅग्ड’ म्हणजे डेटावर व्हीलॅनचा क्रमांक चिकटवून पाठवणं, ‘अनटॅग्ड’ म्हणजे क्रमांकाशिवाय.

१७ ते २३ या पोर्टांना डिफॉल्ट व्हीलॅनच्या रकान्यात ‘नो’ आणि वीसच्या रकान्यात ‘अनटॅग्ड’. एकच पोर्ट दोन रकान्यांत ‘अनटॅग्ड’ ठेवून चालत नाही. २४ ला डिफॉल्टमध्ये ‘अनटॅग्ड’, वीसमध्ये ‘टॅग्ड’. शेवटी एंटर, मग ‘सेव्ह’.

चुका इथे होतात. कॅमेऱ्याच्या पोर्टाला घाईत ‘टॅग्ड’ दिलं जातं, आणि साध्या कॅमेऱ्याला टॅग कळत नाही, त्यामुळे चित्र बंद. दुसरं, राउटरवर वीस क्रमांकाची व्हीलॅन बनवलेलीच नसते, मग रेकॉर्डर मोबाइलवरून दिसत नाही. तिसरी चूक सगळ्यांत त्रासाची. कॅमेऱ्यांना हाताने दिलेला आयपी असेल, तर नव्या व्हीलॅनचा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) वेगळा असल्यामुळे जुना पत्ता निरुपयोगी होतो. म्हणून पत्ते आधी बदला, पोर्ट नंतर हलवा. उलट केलंत तर लॅपटॉप घेऊन स्विचपाशी जायचं आणि वीसच्या एखाद्या पोर्टात वायर खुपसून, लॅपटॉपला जुन्या सबनेटचा पत्ता देऊन, एकेक कॅमेरा उघडायचा.

जुन्या काही मॉडेलांत व्हीलॅनची कमाल संख्या वाढवली की मेनूतल्या त्या ओळीशेजारी तारांकन येतं. स्विच रिबूट केल्याशिवाय तो बदल लागू होत नाही, ही त्याची खूण.

प्रश्न : घरून एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने) ऑफिसच्या स्विचमध्ये शिरून मेनूत अपलिंकचा (राउटरकडे जाणाऱ्या वायरीचा) पोर्ट बदलला. सेव्ह केलं आणि संपर्क तुटला. वॉचमनला फोन करून स्विच बंद-चालू करायला लावला, तरी परत आला नाही. असं का? (पुणे)

कारण तुम्ही मेनूतून सेव्ह केलंत. या स्विचमध्ये दोन कॉन्फिगरेशन असतात. आत्ता चालू असलेलं ते रनिंग, आणि वीज आल्यावर वाचलं जातं ते स्टार्टअप. प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) दिलेली आज्ञा फक्त रनिंगमध्ये जाते. ‘राइट मेमरी’ म्हटल्याशिवाय स्टार्टअपला हात लागत नाही. मेनूतलं ‘सेव्ह’ मात्र दोन्हीकडे एकदम लिहितं. म्हणजे तुमची चूकही पक्की झाली, आणि रिबूटनंतर स्विचने तीच परत वाचली. आता कन्सोल केबल घेऊन कुणाला तरी स्विचपाशी जावंच लागेल.

दुरून काम करताना मेनूला हात लावू नका. प्रॉम्प्टवर आधी ‘रिलोड आफ्टर १०’ द्या. दहा मिनिटांनी स्विच आपणच रिबूट होईल. मग बदल करा. संपर्क टिकला तर ‘नो रिलोड’ने ते रद्द करून ‘राइट मेमरी’. तुटला तर थोडं थांबा, स्विच जुन्या स्टार्टअपवर परत येतो. सिस्कोच्या स्विचवर हेच ‘रिलोड इन १०’ आणि ‘रिलोड कॅन्सल’ असं आहे. मध्येच ‘कॉन्फिगरेशन सेव्ह करू का’ विचारलं तर ‘नो’. तिथे ‘येस’ दाबलंत तर ही सगळी तजवीज वाया.

प्रश्न : इव्हेंट लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९९० दिसते. (मडगाव)

वीज गेली की स्विचचं घड्याळ त्या तारखेवर जातं. एसएनटीपी सर्व्हरचा (नेटवर्कवरून वेळ सांगणाऱ्या संगणकाचा) पत्ता देऊन वेळ तिथून घ्यायला लावा. टाइम झोनच्या चौकटीत ‘५:३०’ लिहू नका, तिथे मिनिटं लागतात: ३३०.