'तुझ्या इच्छेप्रमाणे' म्हणताना जीभ अडते

वाचकांचे प्रश्न, सिस्टर मावशींची उत्तरं

सिस्टर मावशी, सलाम.

मी नेवासा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४१. मालकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला दीड वर्ष होत आलं. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नगरला न्यावं लागतं. पहाटेची एसटी, चार तास मशीन, अंधार पडता पडता घरी. दोन म्हशी विकल्या, एक एकर गहाण पडलंय. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत.

पहिले सहा महिने मी गुडघे टेकून प्रार्थना केली, उपास धरले. मंडळीनं साखळी प्रार्थना ठेवली. मग बाहेरगावच्या एका प्रचारकांनी सभेत सगळ्यांसमोर मला विचारलं, "घरात कुणाचं पाप झाकलेलं आहे का?" त्या दिवसापासून माझ्याकडून प्रार्थना होतच नाही. रविवारी देवळात जाते, कारण नाही गेलं तर लोक बोलतात. गायनाला नुसते ओठ हलवते. परवा मुलीनं विचारलं, "मम्मी, येशू पप्पांना बरं करील ना?" मी "हो" म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले.

मी ढोंगी झाले का? माझा विश्वास मेला का?

— एक भगिनी

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणते.

आधी त्या प्रचारकांचं बघू. चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी. किडन्या निकामी होण्याची कारणं केसपेपरवर किती वेळा वाचली असतील: साखर, रक्तदाब, मुतखडे, वर्षानुवर्षं मनानं खाल्लेल्या अंगदुखीच्या गोळ्या. 'पाप' हे कारण एकाही डॉक्टरनं लिहिलेलं पाहिलं नाही. आणि त्या भल्या माणसाला शास्त्रातलंच हवं असेल, तर योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारलाय. जन्मांध माणूस समोर बसलाय आणि हे विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर एवढा अध्याय सांग आणि चहा टाकायला आत निघून जा.

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं, अंग फोडांनी भरलं, तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांच्या हातून झालेलं तेवढंच चांगलं काम. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला.

आता तुझा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याच घरातून देते, कारण मीही ओठ हलवलेत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे हे गेले. बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजनचा ७८ आकडा दिसला तेव्हा घरात बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. नर्स असण्याची ही शिक्षा. मातीला आम्ही पाच जण. पाळकसाहेब लांब उभे, मास्कमधून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. गायन नाही, काही नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं देवळात पेटी वाजवली, त्याला सुराशिवाय पोचवलं.

देवळं पुन्हा उघडली तशी मी जायला लागले. सगळं ठीक चालायचं, पण प्रभूची प्रार्थना आली की 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीला जीभ अडायची. रागानं नव्हे ग, खरंच अडायची, घशात औषधाची गोळी अडते तशी. आजूबाजूची माणसं पुढे जायची. मी थांबायची आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथून परत त्यांच्यात मिसळायची. भाकर मागता येत होती. आठ-नऊ महिने मी तेवढीच प्रार्थना केली, भाकरीपासूनची. महिला मंडळात बायबल शिकवणारी बाई मी, आणि ही माझी अवस्था.

त्या दिवसांत मंडळातल्या चौघी जणी दर गुरुवारी दुपारी यायच्या. एक मेथी निवडायची. एकीनं ह्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी माझ्याबरोबर बँकेत चार खेपा मारल्या. तिसरी नुसती बसून राहायची, तिला बोलता फारसं येतच नाही. निघताना चौथी म्हणायची, "तुम्ही नका बोलू सिस्टर, आम्ही म्हणतो." आणि त्या उभ्यानंच दोन मिनिटं प्रार्थना करायच्या. मी डोळेही मिटत नव्हते. मेथीच्या देठांकडे बघत बसायची.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षघाती माणसाची गोष्ट तू रविवारच्या शाळेपासून ऐकत आली असशील. चौघांनी त्याला बाजेवर घालून आणलं, गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून छप्पर उसकटून वरून खाली सोडलं. माझं लहानपण धाब्याच्या घरात गेलंय, म्हणून मला ती गोष्ट डोळ्यांपुढे दिसते. तुळयांवर काटक्या, काटक्यांवर पाला, त्यावर हातभर माती. पावसाळ्याआधी वर पांढरी माती पसरून चोपायची. उंदरानं नुसतं बीळ केलं तरी खाली तव्यातल्या भाकरीवर माती पडायची. मग बाज मावेल एवढं भगदाड पाडताना खाली काय झालं असेल! सगळ्यांच्या डोक्यात माती, येशूच्याही. हीच गोष्ट सांगताना लूक म्हणतो कौलं काढली, असतील. ते छप्पर नंतर कुणी नीट केलं हे दोघंही सांगत नाहीत, आणि घर सांभाळणारी बाई म्हणून मला ते दर वेळी खटकतं.

पण मला तुला दाखवायची आहे ती पुढची ओळ. येशूनं 'त्यांचा विश्वास पाहून' त्या आजाऱ्याशी बोलायला सुरुवात केली. त्यांचा. दोरीला हात लावलेल्यांचा. बाजेवरचा माणूस छपरापासून जमिनीपर्यंत एक शब्द बोललेला नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, शाबूत होता की मेला होता, मार्कानं लिहिलेलं नाही आणि येशूनं विचारलेलं नाही. वर्षानुवर्षं ही गोष्ट मी बायकांना शिकवली आणि दर वेळी स्वतःला त्या चौघांत धरलं. बाजेवर पडल्यावर कळलं की ही जागासुद्धा गोष्टीतलीच आहे.

म्हणून तू ढोंगी नाहीस. तू बाजेवर आहेस. तुझ्या मालकांना बाजेवरून तू नेतेस, आणि तुला न्यायला कुणी नाही, हे तुझं खरं दुखणं. साखळी प्रार्थना झाली ती त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी कुणी काही मागितलं का? तुझ्या मंडळीत चार माणसं शोध. चार नाही मिळाली तर दोन. त्यांना सरळ सांग, "माझ्यानं प्रार्थना होत नाही, तुम्ही करा, आणि मंगळवारी यांच्याबरोबर नगरला तुमच्यापैकी एक जण जा." दुसरं वाक्य विसरू नकोस. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं, उठवून खायला लावलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला लावलं. चांगल्या नर्सची ड्यूटी आहे ती.

प्रार्थनेला स्वतःचे शब्द नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढ. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरी ज्यांनी स्तोत्रं गोळा केली त्यांनी ते गाळलं नाही.

'विश्वासू माणसांवर असं येत नाही' असं तुला कुणी म्हटलं असेल, न म्हणता सुचवलं तरी असेल. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पदरात तान्ही मनोरमा. तीच पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली, आणि १९२१ च्या जुलैत चाळिसाव्या वर्षी तीही गेली. बाई तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते मी बोलणार नाही. हे दुःख श्रद्धेला चुकत नाही, एवढं मात्र त्यांच्याकडे बघून कळतं.

आता कठीण गोष्ट. पक्षघाती माणूस उठून बाज घेऊन घरी गेला. तुझे मालक उठतीलच असं मी लिहिणार नाही. प्रार्थना होऊनही न उठलेली माणसं मी या हातांनी पुसलीत, कपडे घालून घरच्यांच्या ताब्यात दिलीत. ईस्टरच्या पहाटे त्या बाया याच कामाला निघाल्या होत्या, सुगंधी द्रव्यं घेऊन, मेलेल्या देहाला लावायला. उठलेला प्रभू भेटेल असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. धोंड कोण लोटणार, असं एकमेकींना विचारत चालल्या होत्या, आणि उत्तर नसताना चालतच राहिल्या. तू पहाटेच्या एसटीला उभी असतेस ना, तेव्हा मला त्या आठवतात.

मुलीला मात्र आता खरं सांग. "मला माहीत नाही बाळा. मला प्रार्थना करायला जड जातंय. तू म्हण, मी शेजारी बसते." तिला मागू दे. फक्त पप्पांचं बरं होणं तिच्या प्रार्थनेवर टांगू नकोस. आठवीतली पोर ते ओझं आयुष्यभर वागवील.

शेवटी सिस्टर म्हणून एक विचारते. तुझ्या पत्रात म्हशी आहेत, गहाणखत आहे, पण सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं नाव नाही. डायलिसिस त्यात बसतं. योजनेतल्या रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेट. दुसरी म्हैस विकण्याच्या आधी भेटायला हवं होतंस, पण असो. आणि ते चार तास बाहेरच्या बाकावर उपाशी बसू नकोस. डबा नेत जा.

सिस्टर, वडील जुलैत गेले. नाताळाला घरावर चांदणी लावावी का? आई नको म्हणते, धाकटा भाऊ हट्ट धरून बसलाय. — एक वाचक, जालना

आईचं ऐका. करंज्याही तिला वाटलं तरच करा, शेजारून येतीलच. आमच्याकडे २०२१ ला मी नकोच म्हटलं होतं. चोवीस तारखेला संध्याकाळी गुरुवारच्या त्या न बोलणाऱ्या बाई आल्या, जिन्याखालून जुनी चांदणी काढली, फडक्यानं पुसली आणि आतल्या खोलीत, ह्यांच्या पेटीवर ठेवली. बल्ब न लावता. त्या वर्षी ती तिथेच होती. धाकट्या भावाला असं काहीतरी करू द्या, घरातल्या घरात.