वाचकांचे प्रश्न : वाडीपासून दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. उपचाराच्या खर्चापेक्षा तिथवर पोचणं जड जातं. दिवस मोडतो, रोज बुडतो आणि एवढं करून ‘आज डॉक्टर नाहीत’ हे ऐकावं लागतं. म्हणून औषधोपचाराइतकाच भर कुठे, कधी आणि काय घेऊन जायचं यावर दिला आहे.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आशा म्हणून काम करते. अंगणवाडीतल्या निम्म्या मुलांच्या दाढा किडल्यात. ‘दुधाचे दात आहेत, पडणारच’ म्हणून पालक नेत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नाही. मुलांना न्यायचं कुठे?

ताई, पालकांना आधी एक हिशोब सांगा. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ त्याला आणखी पाच-सहा वर्षं वापरायची आहे. ती ठणकू लागली की मूल एकाच बाजूने चावतं, जेवण कमी होतं, झोप मोडते. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दाताला धक्का लागतो, आणि दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकून पुढचे वाकडे येतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, आणि ती कुठलाही दात न पडता सगळ्यांच्या मागे उगवते. त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि तिची कीड तशीच वाढू दिली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्या दातांच्या मधोमधून एका बाजूला मोजत जायचं. पाच दात दुधाचे, सहावा पक्का. हा सहावा जन्मभराचा आहे. त्याच्या खोल खाचा दंतवैद्याने वेळेवर सीलंटच्या लेपाने बुजवल्या तर कीड बरीच टळते. सुई नाही, कोरणं नाही, थोड्या मिनिटांचं काम.

न्यायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दंतवैद्य नसतोच. ते पद ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे शुल्क लागू शकतं. खिडकीवर आधी विचारून घ्या. निघण्यापूर्वी मात्र फोन कराच आणि तीन गोष्टी विचारा : दंतवैद्य आज आहेत का, खुर्ची आणि कॉम्प्रेसर चालू आहे का, दाढ भरण्याचं साहित्य शिल्लक आहे का. यातलं एक नसलं की ‘गोळ्या घ्या, पुढच्या आठवड्यात या’ असं होतं, आणि तो पुढचा आठवडा पुष्कळदा येतच नाही. सकाळच्या वस्तीच्या गाडीने निघा. केसपेपरची खिडकी दुपारी लवकर बंद होते.

तुमच्या हाती आणखी एक वाट आहे, ती म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच उत्तर कोकणातल्या पालघरमधून सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, आणि त्यांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथकात दंतवैद्य नसतो, म्हणून ते संदर्भ चिठ्ठी देतात. गाडी इथेच अडते, कारण चिठ्ठी दप्तरात राहते. पथक येऊन गेलं की चिठ्ठी मिळालेल्या सगळ्या मुलांची एकच यादी करा, ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडून एक दिवस ठरवून घ्या आणि मुलं एकत्र न्या. एकेका आईला एस.टी.ने पाठवण्यापेक्षा एक ट्रॅक्स केलेली स्वस्त पडते, आणि मुलंही एकमेकांच्या धीराने खुर्चीत बसतात.

यंत्र न लावता हाताच्या हत्याराने कीड खरवडून ग्लास आयनोमर हे दाढ भरायचं साहित्य भरता येतं. वीज गेली तरी हे काम अडत नाही, म्हणून पावसाळ्यात मुद्दाम विचारा. काही ठिकाणी किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावतात. त्याने कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पालकांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘दात जाळला’ अशी बोलवा होते आणि बाकीच्या आया यायच्या बंद होतात.

घरी करायचं ते एवढंच : रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं चुकवायचं नाही, पाकिटावर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेली पेस्ट घ्यायची, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यावरच्याला वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने घासून द्यायचं. आणि चहात बुडवलेलं बिस्किट किंवा साखरेच्या दुधाची बाटली घेऊन मुलाला झोपवायचं नाही. झोपेत लाळ कमी होते आणि साखर दातांवर रात्रभर राहते.

प्रश्न : आम्ही हर्णै बंदरातले. नवरा खलाशी आहे, दिवसभर गुटखा असतो. हल्ली तिखट लागलं की तोंड भाजतं आणि मोठा घास जात नाही. सासूबाई सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात, त्यांच्या गालात आत पांढरा डाग दिसतो. हंगामात बोट सोडून जायला कुणाला वेळ नाही.

ताई, हे हंगाम संपेपर्यंत ठेवू नका. एरवी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात दातांची कामं उरकावीत असंच आम्ही सांगतो. तुमच्या घरातल्या या दोन्ही खुणा मात्र त्यात बसत नाहीत.

नवऱ्याला तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये त्यांचीच तीन बोटं उभी जातात का पाहा. जात नसतील, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असेल, तर सुपारी-गुटख्याने आतली कातडी आखडत चालली आहे. आखडलेलं पूर्ववत होणं अवघड असतं. आज गुटखा बंद केला तर पुढचं थांबवता येतं, आणि पुढे कर्करोग होण्याचा धोका असल्याने अशा माणसाची नियमित तपासणी लागते. नुसती तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवली तर उपयोग नाही. आखडण्याचं मूळ सुपारीत आहे.

सासूबाईंचा डाग दोन-तीन आठवड्यांत जात नसेल तर दाखवायलाच हवा. लाल डाग, भरत न येणारी जखम, गळ्याला गाठ, कारण नसताना हलणारा दात, यांतलं काहीही असलं तर लगेच. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात घट्ट होतात ही समजूत घराघरांत आहे. हिरडीची ठसठस निकोटिनमुळे थोडा वेळ कळत नाही, म्हणून बरं वाटतं. आत हिरडी सुटतच असते.

जवळच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, ३० वर्षांवरच्या सगळ्यांच्या तोंडाची तपासणी मोफत होते. तिथून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला तर नाही म्हणू नका. ‘सुरी लावली की पसरतो’ हे खोटं आहे. या भीतीत गेलेले महिनेच आजार वाढवतात.

कर्करोग निघालाच तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. १ जुलै २०२४ पासून रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असलं तरी चालतं. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांच्या आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा, कक्ष गाठा. मूळ रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. घोळ होतो तो बहुधा नावात : आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं. हे आताच तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्त करून घ्या. खाटेवर माणूस असताना ती धावपळ नको. तुमच्या जवळ योजनेतलं कोणतं रुग्णालय आहे ते १५५३८८ वर सांगतात. मात्र कीड भरणं, रूट कॅनाल, कवळी ही कामं या योजनेत धरू नका. गुटखा सोडायला १८०० ११ २३५६ हा मोफत फोन आहे. बोटीवर रेंज नसते, म्हणून किनाऱ्यावर असताना पहिला फोन करावा.

प्रश्न : रोहा तालुक्यात कातकरी वाडीवर शिक्षक आहे. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची तपासणी नेमकी त्याच काळात होते.

तर बाल स्वास्थ्य पथकाची तारीख बदलून घ्या. तालुक्याच्या पथकाचा वार्षिक आराखडा आधी ठरतो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जूनमध्येच लेखी कळवून वाडीची तपासणी जुलै ते ऑक्टोबरमध्ये मागा. कुटुंब निघताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि उपचाराचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या, आणि कार्डांचे फोटो तुमच्याकडे ठेवा. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्या मुलांना आहार आणि लसी मिळायला हव्यात, मूळ गाव कुठलंही असो. कातकरी समाज अतिमागास आदिवासी गटांत मोडतो, आणि अशा वस्त्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. ते पथक वाडीवर कधी येतं ते विचारा आणि तुमच्या फळ्यावर लिहून ठेवा.

प्रश्न : मी विरारला असतो. आई देवगडला, वय ७२. मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. चार मुळं शिल्लक आहेत. गणपतीला आठ दिवस येतोय, तेवढ्यात कवळी होईल का?

नाही होणार. घाईने करून घेतली तर ती डब्यात पडून राहील. मुळं काढल्यावर जबडा भरून यायला निदान सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी माप घेतलं तर हाड बसत गेल्यावर कवळी ढिली होते. मग पहिलं माप, दुसरं माप, चावा, मेणावर दात लावून पाहणं आणि हातात देणं अशा पाचेक फेऱ्या, आणि नंतर टोचणारी जागा घासून घ्यायला आणखी दोन-तीन.

तेव्हा गणपतीत मुळं काढून घ्या आणि कवळी दिवाळीनंतर सुरू करा. फेऱ्यांना शेजारचं कुणी नेईल अशी सोय लावा. काढायच्या दिवशी आईंनी नेहमीसारखी न्याहारी करून मधुमेहाची गोळी घ्यावी. उपाशी नेलं की खुर्चीतच साखर उतरते. पातळपणाची गोळी स्वतःहून बंद करू नका. दात काढल्यावरचा रक्तस्राव दाबून थांबवता येतो, गोळी थांबवल्यावर मेंदूत किंवा हृदयात रक्ताची गाठ झाली तर ती परतवणं कठीण. ती गोळी वॉरफरिन असेल तर आय.एन.आर. (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) तपासणी दोन-तीन दिवसांच्या आतली हवी. गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या, नावं सांगून चालत नाही.

नव्या कवळीने पहिले काही दिवस पेज, मऊ भात, काटा काढलेली मासळी असंच खावं. टोचते म्हणून काढून ठेवली आणि तशीच दाखवायला नेली तर व्रण दिसत नाही. फेरीच्या आदल्या दिवशी ती घालून जेवायला सांगा, म्हणजे घासायची जागा कळते. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवावी. गरम पाण्यात तिचा आकार बदलतो. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरच्या गरीब वृद्धांना द्यायच्या साहित्यात कवळीही आहे. तालुक्यात शिबिर लागणार आहे का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

प्रश्न : आमच्या बचत गटाला वाडीत मोफत दंत शिबिर घ्यायचं आहे. काय तयारी लागेल?

नुसती तपासणी आणि पेस्टचं वाटप करायचं असेल तर तो पैसा गाडीभाड्याला ठेवा आणि लोकांना रुग्णालयात न्या. दात काढणं आणि भरणं तिथेच होणार असेल तरच शिबिर घ्यावं.

खेडला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत सामाजिक दंतवैद्यकाचा विभाग असतो. त्यांना महिनाभर आधी पत्र द्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवा. एका दंतवैद्यामागे दिवसाला वीसच्या पुढे नावं घेऊ नका. गर्दी वाढली की पहिली काट हत्यारांच्या निर्जंतुकीकरणात होते. उकळलेलं पाणी पुरत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली हत्यारं ठरलेला वेळ राहायला हवीत, आणि तापणं-निवणं धरून एका खेपेला तासभर जातो. म्हणून माणसागणिक वेगळा संच आधीच तयार हवा. वीज जाणारच असं धरून डोक्याला बांधायचे दिवे ठेवा. रक्तदाब आणि साखर तपासल्याशिवाय मोठ्या माणसाचा दात काढू देऊ नका. मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्या.

सुया पांढऱ्या, टोचलं तरी न फाटणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हातमोजे लाल पिशवीत. हे सगळं पथकाने परत न्यायचं. पऱ्यात किंवा खाडीत काही टाकायचं नाही.

शेवटचा दात पथक निघण्याच्या किमान तासभर आधी काढलेला असावा. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबायचा, थुंकायचं नाही, दिवसभर चूळ भरायची नाही. रक्त पुन्हा आलं तर स्वच्छ फडक्याची घडी करून अर्धा तास दाबायची. तरीही थांबलं नाही तर कुठे जायचं आणि रात्री कुणाची गाडी मिळेल ते प्रत्येकाला कागदावर लिहून द्या. होडीने खाडी ओलांडून येणाऱ्या वाड्यांना सकाळचेच नंबर द्या.

प्रश्न : दाढ दुखून गाल सुजला तर किती थांबावं?

थांबू नये. दुसऱ्या दिवशी दंतवैद्य गाठा. तोवर बाहेरून शेकू नका, लवंगतेल हिरडीवर ओतू नका आणि डिस्प्रिनची गोळी दाढेत धरून ठेवू नका; दोन्हींनी आतली कातडी भाजते. पुवाची जागा मोकळी झाल्याशिवाय मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने दाढ बरी होत नाही, चार दिवस दबते. आणि सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा तोंड उघडेना, तर रात्र असली तरी १०८ बोलवा. ही सूज श्वासनलिका दाबू शकते.

प्रश्न : मुलगा जेट्टीवर पडला आणि समोरचा अख्खा दात मुळासकट निघाला. बसवता येतो का?

पक्का असेल तर येतो, पण वेळ फार थोडा असतो. दात मुळाशी न धरता वरच्या पांढऱ्या भागाने उचला, माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दात दुधात घालून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचायचा प्रयत्न करा. कोरड्या कागदात गुंडाळलेल्या दाताच्या मुळावरच्या पेशी तासाभरात मरतात. धनुर्वाताची सुई झाली आहे का ते सांगा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होते.