झाडांच्या निगेवरील संशोधन आणि पहिले बीज अनुदान

सप्रेम नमस्कार,

आपले सविस्तर पत्र मिळाले. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या कन्येने रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांच्या छाटणीवर संशोधन करायचे ठरवले आहे, त्यासाठी अमेरिकेतील ‘ट्री फंड’ या संस्थेच्या जॉन झेड. ड्युलिंग अनुदानाला अर्ज करण्याचा तिचा विचार आहे आणि वनसेवेच्या परीक्षेची तयारी मागे पडेल अशी आपल्याला काळजी वाटते, असे आपण लिहिले आहे. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० रोजी, घरासमोरचा पर्जन्यवृक्ष कोसळल्यापासून ती या विषयाकडे वळली, हेही आपण कळवले आहे. तिचा विषय फार मोलाचा आहे. मात्र अर्जाची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘ट्री फंड’ २००२ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे ड्युलिंग अनुदान नव्या कल्पनांच्या प्राथमिक चाचणीसाठी, म्हणजे बीज स्वरूपात दिले जाते. झाडांची प्रत्यक्ष निगा राखणाऱ्यांच्या रोजच्या कामाला ज्याचा उपयोग होईल, असेच संशोधन तिथे अपेक्षित असते. त्यामुळे ‘शहरी वृक्षांचा अभ्यास’ असा मोघम प्रस्ताव टिकणार नाही. थोड्या पैशांत आणि ठरलेल्या मुदतीत ज्याचे उत्तर मिळेल, असा एकच नेमका प्रश्न लागतो. अनुदानाची रक्कम आणि पात्रतेचे नियम त्या-त्या वर्षीच्या सूचनेतूनच पाहावेत.

असा प्रश्न तिच्या अगदी हाताशी आहे. आंबा-डाळिंबाच्या छाटणीनंतर आपले बागायतदार कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, आणि रस्त्याकडेच्या झाडांची फांदी कापल्यावरही काही ठिकाणी तिच्यावर डांबर किंवा रंग फासला जातो. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी असंख्य झाडे उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिले आणि असे लेप कूज थांबवत नाहीत, असे दाखवून दिले. फांदी खोडाला जिथे मिळते तिथला फुगीर भाग न दुखावता, त्याच्या लगत बाहेरून काप घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. परंतु यातील बहुतेक निरीक्षणे थंड प्रदेशांतील झाडांवरची आहेत. चार महिने पावसात भिजणाऱ्या कोकणातील पर्जन्यवृक्षावर किंवा गुलमोहरावर काय घडते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. काही कापांवर बोर्डो पेस्ट लावावी, काही उघडे ठेवावेत, काही खोडालगत तासून घ्यावेत आणि काहींचे खुंट राखावेत. मग कडेने नवी साल किती आत सरकली ते दर महिन्याला व्हर्नियर या सूक्ष्म मोजपट्टीने मोजावे आणि दोन पावसाळ्यांनंतर त्यातील काही नमुने चिरून कूज किती खोल गेली ते पाहावे. याला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो धीर आणि नोंदवहीतील शिस्त.

आता अडचणींविषयी. नागरी हद्दीत छाटणीसाठी १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून जिथे उद्यान विभागाची छाटणी ठरलेली आहे, तिथेच प्रयोग बेतणे सोपे पडेल. परदेशातून येणाऱ्या निधीला परकीय अंशदान नियमन कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा विद्यापीठाच्या लेखा विभागाला आधीच विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पदवीच्या विद्यार्थिनीने एकटीने अर्ज करण्याऐवजी एखाद्या प्राध्यापकांनी मुख्य संशोधक व्हावे आणि तिने सहायक म्हणून काम करावे, हे हिताचे आहे. मार्गदर्शक न मिळता अनुदान मिळाले, तर काम अर्ध्यावर अडकण्याचा धोका मोठा असतो.

करिअरबाबत मी आपल्याला गोड बोलून फसवणार नाही. वृक्षनिगा या नावाने आपल्याकडे फारशा जाहिराती निघत नाहीत. तरीही महापालिकांचे उद्यान विभाग, मोठ्या संकुलांचे व्यवस्थापन आणि वृक्ष सल्लागारांच्या संस्था येथे जाणकारांची गरज वाढत आहे. वर सांगितलेल्या अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिल्याने अशा झाडांची तपासणी करू शकणारी माणसे लागणारच. पुढे तिने इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या वृक्षनिगा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावे, परंतु त्यासाठी आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. वनसेवेची तयारी सोडण्याचे काहीच कारण नाही. वनशास्त्राचा बराचसा अभ्यास दोन्हीकडे उपयोगी पडतो आणि पदव्युत्तर प्रवेशाचा मार्गही खुला राहतो.

सध्या तिने एवढे करावे: महाविद्यालयाच्या आवारातील किंवा परवानगी मिळेल अशा रस्त्यावरील कापलेल्या फांद्यांची नोंद या पावसाळ्यापूर्वी सुरू करावी, दोन पानांचा आराखडा तयार करावा आणि तो वृक्षरोगशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवावा. त्यांचे मत आल्यावर मला पुन्हा लिहावे. अर्जाचा मसुदा मी आनंदाने वाचून देईन.

आपला,
करिअर मार्गदर्शक