बेसबॉलमधील पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) पाठीची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) तुटल्यास शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा पूर्वीसारखी गोलंदाजी करू शकतो का?

होय, लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या स्नायूची कंडरा दंडाच्या हाडापासून पूर्ण सुटली असली, तरी ती पुन्हा हाडाशी जोडून पिचर सर्वोच्च पातळीवर परतू शकतो. शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर जेक पीव्ही याच्यावर जुलै २०१० मध्ये ही शस्त्रक्रिया झाली, मे २०११ मध्ये तो मैदानावर आला आणि २०१२ मध्ये ऑल-स्टार (हंगामातील निवडक खेळाडूंच्या) संघात निवडला गेला. अर्धवट फाटीला बहुधा विश्रांती व फिजिओथेरपी पुरते, जशी २०१७ मध्ये पिचर नोआ सिंडरगार्डला पुरली. खांद्यातील रोटेटर कफबद्दल (सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायू व कंडरांच्या गटाबद्दल) मात्र असे आश्वासन देता येत नाही, कारण तेथील कंडरा आरपार फाटली असेल, तर ती शिवूनही पिचरला पूर्वीची पातळी क्वचितच गाठता येते.