चालत्या कारचं ब्रेक पेडल अचानक दगडासारखं कडक झालंय, मास्टर सिलिंडर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सहा वर्षं जुनी पेट्रोल आहे, परवापर्यंत ब्रेक एकदम ठीक होते, काल सकाळी पेडल अचानक कडक झालं, जीव खाऊन दाबलं तर थांबते, शिवाय सिग्नलला इंजिन थरथरतंय, आणि गॅरेजवाला म्हणतोय मास्टर सिलिंडर बदला. मी मेकॅनिक नाही पण हे सेम माझ्या गाडीला होऊन गेलंय म्हणून सांगतो, त्याला लगेच हो म्हणू नका.

मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो भाग) गेला की सहसा उलटं होतं हो. आतले रबरी सील झिजतात, ऑइल आतल्या आत मागे सरकतं, तुम्ही सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे असता आणि पेडल हळूहळू खाली जात फ्लोअरला टेकतं, बाहेर एक थेंब पण गळलेला नसतो. तुमचं तसं नाहीये. कडक पेडल म्हणजे बहुतेक वेळा पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत मिळत नाहीये. बॉनेट उघडलं की मास्टर सिलिंडरच्या मागे तो मोठा काळा गोल डबा दिसतो ना, तो बूस्टर. पेट्रोल गाडीत इंजिन जी हवा ओढतं त्या ओढीवरच (व्हॅक्यूमवर) तो चालतो, मॅनिफोल्डपासून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांपासून) त्याला एक जाड पाईप येतो (डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो). आता या पाईपला चीर गेली की बूस्टर तर मेलाच, वर इंजिनात फुकटची हवा शिरते म्हणून आयडलिंग (गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं) पण बिघडतं. तुमच्या गाडीचं थरथरणं ही त्याचीच चुगली आहे, आणि ते तुम्ही जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय!

घरीच बघा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे डब्यात उरलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारा. बूस्टर ठीक असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं, ते लगेच कळतं. काहीच हललं नाही तर पाईप, त्याच्यावरचा वन-वे व्हॉल्व्ह नाहीतर बूस्टर, या तिघांपैकी एक. मग एसी, रेडिओ बंद करून पेडल दाबा आणि पायापाशी फुस्स आवाज येत राहतो का ऐका, येत असेल तर बूस्टरचा आतला पडदा फाटलेला असू शकतो.

माझ्या वेळी गॅरेजने अख्खा बूस्टर सांगितला होता, साडेनऊ हजार. मी दुसरीकडे दाखवली, तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने टाकीतून पेट्रोल काढायच्या नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानात, दुसरं इंजिन चालू ठेवून पाईपवरून फिरवत गेला आणि मॅनिफोल्डजवळच्या क्लॅम्पपाशी थांबला. मला म्हणाला ऐका. नळीतून प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज. वरून पाईप धडधाकट दिसत होता, वाकवल्यावर क्लॅम्पच्या खालच्या बाजूला चीर उघडली, नखभर. नवा पाईप, क्लॅम्प, मजुरी धरून साडेसहाशे रुपये. गाडी बरेच दिवस उभी होती का तुमची? उंदीर पण हे पाईप कुरतडतात.

बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो त्यावरून एक सांगायचं राहतं, पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरणारे लोक अजून आहेत, दोन-तीनदा ब्रेक दाबला की त्यांचं पेडल असंच दगड होतं.

मऊ पेडल मात्र वेगळं प्रकरण. मी एकदा पसरणी घाटातून वाईला उतरताना चौथ्या गियरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून आलो, जळका वास आला आणि पेडल एकदम पोकळ. बाजूला अर्धा तास थांबलो तर परत नॉर्मल! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान 230 डिग्रीला उकळतं पण पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते, उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतेच बुडबुडे दाबत बसतं. माझं ऑइल पाच वर्षं बदललेलंच नव्हतं, दोन वर्षांनी बदलायला हवं होतं. थंड होऊनही मऊच राहिलं असतं तर हवा किंवा गळती, मग चारही चाकांच्या आत ओल बघायची.

टेस्ट करून पेडल खाली सरकलं नाही तर गाडी हळूहळू नेतो म्हणून रस्त्यावर काढू नका, मिस्त्रीला घरी बोलवा नाहीतर टो करा. बऱ्याच इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स असतं, पॉलिसीचा कागद काढून बघा. आणि बूस्टरला हात लावण्याआधी मिस्त्रीला पाईप क्लॅम्पमधून काढून वाकवून दाखवायला सांगा, तुमच्यासमोर.